इंग्रजीच्या तासाला कविता: कच्ची-पक्की मुलं एकत्र असताना जमतं का?

खडूवाला: नववीचा वर्ग, पट ५६. दहाबारा जण इंग्रजी पेपर वाचतात, वीसेकांना स्पेलिंग जुळवतानाच घाम फुटतो. पुस्तकातला उतारा घेतला की पुढचे बाक कंटाळतात, मागचे पेंगतात. म्हणून अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’तली म्हातारीची कविता घेतली. संग्रह १९७६ चा, इंग्रजीतलाच. म्हातारी बाही धरते, पन्नास पैसे मागते, देऊळ दाखवते म्हणते. शब्द सोपे, ओळी तोकड्या. मागच्या बाकांनी प्रसंग करून दाखवला, मधल्यांनी संवाद लिहिला, पुढच्यांना विचारलं, शेवटी माणूस तिच्या हातातली चिल्लर का होतो? कविता एकच, कामं तीन. व्याकरणाच्या तक्त्याने हे होत नाही.

कर्ता_कर्म: सर, नाटक झालं, इंग्रजी किती झालं? आपल्याकडे २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तरी नववीत ‘ही गो’ लिहितात. त्यांना सराव द्या. आणि तुमची वाटणी बघा: डोकं पुढच्यांना, नक्कल मागच्यांना. यालाच सर्वांना सामावून घेणं म्हणायचं?

पाचवी_ब: साहित्य म्हणजे कुठलं, ते आधी ठरवा. आम्ही वर्ड्सवर्थची डॅफोडिल्स घोकली. ते फूल मी अजून पाहिलेलं नाही. जेजुरीची पायरी निदान पोरांच्या पायाखालची आहे. पण सर, ५६ पोरांत तीन कामं तपासता कधी? आमच्याकडे जनगणनेपासून खिचडीपर्यंत सगळं शिक्षकाच्याच गळ्यात.

खडूवाला: तपासणं अर्धवटच होतं, खोटं कशाला बोलू. वाटणीचा टोला मात्र लागला. कारण चिल्लरच्या प्रश्नाला पुढचे गप्प होते. मागच्या बाकावरून एक जण मराठीत म्हणाला, “तिला नाही म्हटलं की आपणच बारीक होतो, सर.” पुढच्या खेपेला काम ज्याचं त्याने निवडायचं.

कर्ता_कर्म: उत्तर झकास. पण मराठीत! मार्क कशाचे देणार?

खडूवाला: त्यालाच फळ्यावर इंग्रजीत लिहायला लावलं. तीन चुका झाल्या, वर्गाने मिळून सुधारल्या. क्रियापदाला ‘एस’ का लागतो, यावर दहा मिनिटं भांडण झालं.

कर्ता_कर्म: त्या दहा मिनिटांना आम्ही व्याकरणाचा तास म्हणतो.

पाचवी_ब: तो तास कवितेशिवाय झाला असता का, तेवढं सांगा.