मदत हवी आहे: आई बारा वर्षांपासून थकलेली, मे महिन्यात स्वेटर घालते, डॉक्टरांनी चिठ्ठीवर "पिट्युटरी?" लिहून दिलंय

नमस्कार सगळ्यांना. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते, बीएस्सी सेकंड इयरला आहे. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या पण पूर्ण वाचा प्लीज, यातलं महत्त्वाचं काय न् बिनमहत्त्वाचं काय हे मलाच कळत नाहीये म्हणून सगळंच लिहून टाकते.

आईचं वय ४०. २०१३ च्या जुलैत माझा लहान भाऊ झाला, मी तेव्हा ७ वर्षांची. त्या वर्षी पाऊस लय होता, नाल्याला पूर, १०८ ची गाडी आपल्याकडं तेव्हा सुरू झाली नव्हती. बाळंतपण घरीच झालं आणि नंतर रक्त थांबेच ना. आजी पेटीतून एकेक जुनं लुगडं काढून खाली टाकत होती आणि ते भिजलं की कोपऱ्यात सारत होती, तो ढीग मला अजून दिसतो. पाणी उतरल्यावर बाबांनी आणि काकांनी खाटेवर घालून नाला पार केला, पुढं ट्रॅक्टरनं नेलं. चार बाटल्या रक्त लागलं. वाचली एवढंच.

घरी आली पण तिला दूध आलंच नाही. एक थेंब नाही. हालीमची खीर, मेथीचे लाडू, शतावरी, सगळं करून झालं. शेजारच्या काकूंचं लेकरू तेव्हा चार महिन्यांचं होतं, त्यांनी आपल्या लेकरासोबत माझ्या भावालाही पाजलं, मग शेळीचं दूध. पाळीही परत आली नाही, आजपर्यंत नाही. तेव्हा सगळे म्हणाले जाते कोणाकोणाची, बरं झालं कटकट गेली.

त्या आधीची आई मला थोडी थोडी आठवते. दिवसाला मणभर कापूस वेचायची, गावात तिच्या पुढं कोणी नसायचं. आता पंधरा किलोवर धुऱ्यावर बसते. सकाळी उठताना खाट धरून उभी राहते, डोळ्यापुढं अंधारी येते म्हणते. भूक नाही, अर्धी भाकर खाल्ली की ताट सरकवते. आणि थंडी! आमच्याकडं मे महिन्यात ४४-४५ च्या वर पारा जातो, आम्ही अंगणात ओल्या चादरी अंगावर घेऊन झोपतो आणि आई आत खोलीत स्वेटर घालून. आवाज जड झालाय, बोलणं हळू झालंय, एक गोष्ट दोनदा विचारते. चेहरा पांढुरका, ओठाभोवती बारीक सुरकुत्या, भुवयांचे कडेचे केस गेलेत. काखेतले वगैरे केसही नाहीत हे तिनं मला लाजत लाजत सांगितलं.

आजी म्हणते, "हिले कामाचा कंटाळा हाय." बाबा वाईट नाहीत, पण तेही म्हणतात मनावर घेतलं तर होते सगळं. दोनदा देवऋष्याकडं नेऊन झालं.

आता मेन गोष्ट. मागच्या वर्षी एका ठिकाणी थायरॉइड तपासला, टीएसएच २.४ आला, नॉर्मल आहे म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. या मार्चमध्ये दुसरीकडं दाखवलं, तिथं फ्री टी४ (थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) पण केला, तो ०.४ आला (कागदावर नॉर्मल ०.८ ते १.८ लिहिलंय) म्हणून थायरॉइडची ५० ची गोळी सुरू केली. आम्हाला वाटलं आता सापडलं. पण बारा-तेरा दिवसांत उलट्या सुरू झाल्या, जुलाब, आणि एक दिवस चुलीपुढंच पडली. ॲडमिट केलं तर सोडियम ११४, साखर ५४, दोन्ही फारच कमी, बीपी लागतच नव्हता नीट. सलाईन लावलं, चार दिवसांत शुद्धीवर आली, घरी पाठवताना "मीठ जास्त खा" म्हणून सांगितलं. थायरॉइडची गोळी आजीनं फेकून दिली.

डिस्चार्जच्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टर ताई आल्या होत्या. आईचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, बाळंतपणात रक्त लय गेलं होतं का, दूध आलं होतं का. बारा वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मग चिठ्ठीवर "पिट्युटरी?" लिहिलं आणि नागपूरला दाखवा म्हणाल्या. एवढ्यात त्यांना कोणी बोलावलं आणि आमची गाडी लागली होती.

मला विचारायचं आहे की बारा वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचा आजच्या बेशुद्ध पडण्याशी संबंध असू शकतो का? कुठं जायचं, कोणत्या डॉक्टरला दाखवायचं? आणि घरच्यांना कसं पटवू, पेरणी तोंडावर आहे, बाबा म्हणतात आता बरी आहे ना, मग दिवाळीनंतर पाहू.

प्रतिसाद, कपाशीचं_बोंड:
ताई वाचून पोटात कालवलं. माझ्या वडिलांनापण पिट्युटरीचाच आजार होता पण उलटा, त्यांच्यात गाठ होऊन वाढीचं हार्मोन जास्त बनत होतं. चपलेचा नंबर ८ चा १० झाला, लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली, जबडा पुढं आला, दातांत फटी पडल्या, घोरणं एवढं की शेजारी ऐकू जाय. आम्ही म्हणायचो वय झालं. शेवटी बंडी हाकताना बाजूनं आलेली मोटरसायकल दिसली नाही तेव्हा डोळे तपासले, दोन्ही बाजूची नजर गेली होती कारण गाठ डोळ्यांच्या नसेवर दाबत होती. नागपूरला नाकातून ऑपरेशन झालं. तुमच्या आईचं हे नसावं, पण एवढं सांगतो की हा आजार हळूहळू येते म्हणून घरच्यांनाच दिसत नाही. दिवाळीची वाट पाहू नका.

प्रतिसाद, तालुक्याचा_डॉक्टर:
मी एमडी मेडिसिन आहे, तालुक्याच्या ठिकाणी असतो. ऑनलाइन निदान करता येत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून गप्प बसवत नाही.

आधी सगळ्यात गरजेचं. थायरॉइडची गोळी सध्या परत सुरू करू नका, कोणी सांगितली तरी आधी कॉर्टिसॉल (ताणात बीपी न् साखर सांभाळणारं हार्मोन) तपासायला सांगा. आणि आईला परत उलट्या, गुंगी, चक्कर असं झालं तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, रात्र असली तरी दवाखान्यात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की बाळंतपणात जास्त रक्त गेलं होतं, दूध आलं नव्हतं, पिट्युटरीचा संशय आहे, कॉर्टिसॉल कमी असू शकतं. एवढं वाक्य ऐकलं की ते हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या स्टेरॉइडचं, इंजेक्शन देतील. हे वाक्य बाबांनापण पाठ करून ठेवायला लावा.

आता संबंध आहे का ते. पिट्युटरी म्हणजे आपली पियुषिका ग्रंथी, मेंदूच्या बुडाशी हाडाच्या वाटीत बसलेली, वाटाण्याएवढी. थायरॉइड, किडनीवर बसून कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी, अंडाशय, अंगावरचं दूध, या सगळ्यांना हुकूम तिथून सुटतो. गरोदरपणात ही ग्रंथी फुगते पण तिचा रक्तपुरवठा त्या मानानं वाढत नाही, अशात बाळंतपणात खूप रक्त गेलं आणि बीपी पडला की तिचा भाग वाळून जातो. याला शीहान सिंड्रोम म्हणतात, १९३७ मध्ये शीहान नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी याचं वर्णन केलं. पहिली खूण दूध न येणं, मग पाळी न येणं, बाकीचं सावकाश, कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या जुलाबात नाहीतर तापात एकदम उघडं पडतं. तुमच्या आईची कहाणी त्यात जशीच्या तशी बसते.

टीएसएच नॉर्मल का आला हे समजून घ्या कारण इथंच गफलत झाली. टीएसएच हा पिट्युटरीचाच हुकूम आहे. टी४ एवढा कमी असताना चांगली पिट्युटरी टीएसएच कितीतरी वर नेते. इथं तो २.४ वर गुमान बसलाय. विहिरीवरची मोटर चांगली आहे, स्टार्टर जळालाय, नुसती मोटर खोलून काय सापडणार? आणि गोळीनं बिघडलं कारण थायरॉइड हार्मोन शरीराचा वेग वाढवतं, जे थोडंफार कॉर्टिसॉल उरलं होतं तेही लवकर संपवतं. म्हणून क्रम ठरलेला असतो, आधी स्टेरॉइड आणि मगच थायरॉइडची गोळी.

तपासण्या: सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल, फ्री टी४ आणि टीएसएच एकत्र, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), एफएसएच न् एलएच (पिट्युटरीचे अंडाशयाला जाणारे हुकूम), सोडियम, साखर, आणि पिट्युटरीचा एमआरआय. पाळी खरंच वयानं गेली असती तर एफएसएच वर गेलं असतं, ते कमीच निघालं तर गडबड वरती आहे. डॉक्टर एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे तज्ज्ञ, पाहिजे. नागपूरला मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेज) सुपर स्पेशालिटीत ओपीडी असते, मिहानला एम्स आहे. तिकडं जमत नसेल तर आधी सेवाग्राम किंवा यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात मेडिसिनला दाखवा, तेही पुढं पाठवतील. निघण्याआधी ओपीडीचे दिवस फोन करून विचारा, रेशन कार्ड न् आधार सोबत ठेवा.

प्रतिसाद, बुलढाण्याची_लेक:
अगं बाई, मला हेच आहे. हेच. २००९ चं बाळंतपण, २०१८ ला कळलं. नऊ वर्षं मी सासरी आळशी म्हणून घेतलं आणि शेवटी मलाच खरं वाटायला लागलं की मी आळशी आहे. माझ्या एमआरआयमध्ये "एम्प्टी सेला" आलं, म्हणजे ती हाडाची वाटी रिकामी दिसली, मी घाबरून रडायला लागले तर डॉक्टर म्हणाले काही कापायचं नाही न् काढायचं नाही, जे बनत नाही ते गोळीनं द्यायचं. आज शेतात जाते, स्वयंपाक करते, गाडी शिकले.

पण बाई, स्टेरॉइड नाव ऐकून गावात लोक घाबरवतात, सुजतं, हाडं जातात, बंद कर म्हणतात. माझ्या नणंदेच्या सांगण्यावरून मी एकदा आठ दिवस बंद केली आणि मरता मरता वाचले. हे औषध म्हणून जास्तीचं नाही, शरीर रोज जेवढं स्वतः बनवतं तेवढंच आपण बाहेरून भरतो. ताप आला की डोस दुप्पट करायला सांगतात, उलटी होऊन गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन. माझ्या पाकिटात एक चिठ्ठी असते त्यावर हे सगळं लिहून ठेवलंय. हाडांची तपासणीपण विचार, इतकी वर्षं पाळी नाही म्हणजे हाडं ठिसूळ होतात.

बाबांना हे वाचून दाखव. आजीलापण.

प्रतिसाद, शेतकरी_पोरगा_वर्धा:
आमच्या इकडं एक वैद्य अशक्तपणावर चूर्ण देतात, बऱ्याच बायांना फरक पडला, नागपूरच्या आधी ते करून पाहा.

प्रतिसाद, तालुक्याचा_डॉक्टर:
भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण सोडियम ११४ ला गेलेल्या बाईला आणखी महिनाभर थांबवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. चूर्ण नको, आधी रक्त तपासू द्या.

मूळ लेखिका (तीन आठवड्यांनी):
उशीर झाला, माफ करा. त्या रात्री मी बाबांना सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. बुलढाण्याच्या काकूंचं वाचत होते तेव्हा आई दारात उभी होती, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे मी आळशी नोहे ना वं?" बाबा उठून बाहेर गेले आणि सकाळी म्हणाले की पेरणी काका पाहतील, चाल.

नागपूरला गेलो. साडेपाचच्या यष्टीनं निघालो, रांगेत नंबर लागता लागता दुपार झाली, आठचं कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवशी दिलं म्हणून रात्र आवारातच काढली. कॉर्टिसॉल १.६ आलं, फारच कमी. डॉक्टरांनी कागद पाहून लगेच बसवलं, घरी नका जाऊ म्हणाले. प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच सगळंच कमी. एमआरआयमध्ये तेच, वाटी जवळजवळ रिकामी. शीहान.

हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं, सकाळी १० मिलिग्रॅम आणि दुपारी ५ मिलिग्रॅम. थायरॉइडची गोळी आठ दिवसांनी लावली, तीपण आधी २५ ची. चौथ्या दिवशी वॉर्डात आईनं मला विचारलं, ठेचा आणला का घरून. मला आठवत नाही तिनं शेवटचं कधी स्वतःहून खायला काही मागितलं होतं. बाबांनी बाहेर जाऊन कुठून तरी भाकर न् ठेचा आणला आणि तिनं दोन भाकरी खाल्ल्या, घाम आला तिला खाताना, आणि ती पदरानं कपाळ पुसत होती.

आजीला फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मीच त्या रातीले लुगडी घालत होती माय, मले कसं समजलं नाही." आता ती गोळ्यांचा डबा स्वतः सांभाळते, सकाळी उठून आधी आईला गोळी देते मग चहा मांडते.

त्या शिकाऊ डॉक्टर ताईंचं नाव आम्ही विचारलंच नाही, त्याची लय चुटपुट लागून राहिली.

एक शेवटचं विचारायचं आहे, डॉक्टर साहेब आणि काकू दोघांनाही. उलटी झाली तर इंजेक्शन म्हणाले, पण आमच्या गावापासून पीएचसी ९ किलोमीटर आहे आणि पावसाळ्यात नाला अजूनही अडवतो. इंजेक्शनची बाटली घरी आणून ठेवता येते का? मी स्वतः द्यायला शिकले तर चालेल का, आणि पीएचसीच्या सिस्टरला आधीच जाऊन हे सगळं लिहून देऊन ठेवायचं का?