शब्दचर्चा : ‘पिएझो’, ‘लॉकिंग ट्रेमोलो’ आणि दोन्ही एकाच घोडीवर

बेसूर
इलेक्ट्रिक गिटारच्या सुट्या भागांची माहिती मराठीत लिहायला घेतली आहे. पिकअप (तारेच्या कंपाचा विजेचा सिग्नल करणारा भाग), फ्रेट, नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात) इथपर्यंत काही अडलं नाही, जे बोलतो तेच लिहिलं. गाडी अडली ती या वाक्यापाशी: ‘लॉकिंग ट्रेमोलो ब्रिजवर पिएझो पिकअप बसवता येतात.’ ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच हे कळेल. ‘लॉकिंग’ म्हणजे नेमकं काय लॉक होतं? ‘ट्रेमोलो’ला कंप म्हणावं का? आणि पिएझोला ‘दाबविद्युत’ हा शब्द आहे, तो इथे चालेल का? जाणकारांनी मदत करावी.

जवारी
ब्रिजला ‘घोडी’ म्हणा की! सतार, तंबोरा, व्हायोलिन, सगळीकडे तोच शब्द आहे. आणि गिटारमध्ये तर गंमत अशी की तार जिच्यावर टेकते त्या छोट्या तुकड्याला सॅडल म्हणतात. घोडीवर खोगीर, आणखी काय हवं?

‘ट्रेमोलो’चं मूळ इटालियन, अर्थ थरथरणारा. म्हणजे ‘कंप’ बरोबर आहे.

सोल्डर
घोडी छान आहे, पण दुरुस्तीला गिटार घेऊन येणारा कोणीही ‘घोडी बदला’ म्हणत नाही, ब्रिजच म्हणतो. एकदा कंसात ‘घोडी’ लिहून पुढे ब्रिजच ठेवा. ‘खोगीर’ मात्र नको. सहा खोगिरं म्हटलं की वाचणारा हसत सुटेल आणि पुढची माहिती खोगीरभरती होऊन जाईल.

‘कंप’ला माझा विरोध आहे, कारण मुळातलं नावच चुकलेलं आहे. संगीतात ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होत राहणं, किंवा एकच स्वर भराभर छेडणं. स्वराची उंची वर-खाली होते त्याला व्हायब्रॅटो म्हणतात. ब्रिजचा दांडा दाबला की तारा सैल पडतात आणि स्वर उतरतो, म्हणजे हा सरळसरळ व्हायब्रॅटोचा मामला. फेंडर कंपनीने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर ‘सिंक्रोनाइज्ड ट्रेमोलो’ हे नाव लावलं आणि ते कायमचं चिकटलं. त्याच फेंडरच्या कितीतरी ॲम्पवर ‘व्हायब्रॅटो’ लिहिलेलं बटण असतं, आणि ते फिरवलं की आवाज लहान-मोठा होतो! दोन्ही नावं अगदी अदलाबदल. त्याआधीपासून बिग्सबीची अशीच दांड्याची यंत्रणा होती, तिचं नाव मात्र ‘ट्रू व्हायब्रॅटो’.

तेव्हा तुम्ही ‘कंप’ लिहिलंत तर चुकीच्या नावाचं बरोबर भाषांतर होईल.

जवारी
मग ‘मींड ब्रिज’?

सोल्डर
दांड्याने जे होतं त्याचं वर्णन करताना ‘मींड’ जरूर वापरा. दांडा खाली नेऊन स्वर घरंगळत खर्जात जातो, त्याला कंप कुठल्याच अंगाने म्हणता येणार नाही, मींड म्हटलं तर लगेच कळतं. पण भागाचं नाव ट्रेमोलोच राहू द्या. दुकानात, पाकिटावर, बोलण्यात तेच आहे.

बेसूर
पटलं. आता ‘लॉकिंग’?

सोल्डर
याचं उत्तर जरा लांबेल, कारण इथे शब्द कळायला वस्तू कळावी लागते.

साध्या ट्रेमोलोत दांडा दाबून सोडला की तार मूळ जागी येताना नटच्या खाचेत किंवा खुंटीवरच्या वेढ्यांत किंचित अडकते. स्वर परत येतो तो बेसूर (तुमच्या नावाशी संबंध नाही). फ्लॉइड रोज यांनी यावर उपाय काढला. १९७९ साली त्यांना पेटंट मिळालं. त्यांनी तार नटपाशीच आवळून टाकली. तीन छोट्या पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली दोन तारा, वरून ॲलन स्क्रू. दुसऱ्या टोकाला, ब्रिजवर, तारेच्या टोकाचा धातूचा गोळा कापून टाकायचा आणि उघडं टोक सॅडलमधल्या ठोकळ्याने दाबून स्क्रूने कसायचं. दोन्ही टोकं घट्ट, मधे सरकायला जागाच नाही. म्हणून याला ‘डबल लॉकिंग’ म्हणतात.

म्हणजे हे लॉक कुलपाचं नाही, आवळण्याचं आहे. ‘कुलूपबंद ब्रिज’ असं काही लिहू नका, वाचणाऱ्याला वाटेल ब्रिज हलतच नाही. प्रत्यक्षात उलट आहे: तार जखडलेली असते, ब्रिज मोकळा असतो. पुढची धारदार कड दोन खांबांवर टेकून तो डोलतो. एका बाजूने तारांचा ताण (दहा नंबरचा, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची असलेला संच नेहमीच्या स्वरात लावला तर सगळा मिळून साधारण ४५ किलो), दुसऱ्या बाजूने पाठीमागच्या स्प्रिंगा. या दोघांच्या ओढाताणीत ब्रिज तरंगतो.

जवारी
‘दुहेरी जखडीचा’ म्हणता येईल. आणि एक विचारतो, नट आवळल्यावर खुंट्या निकामीच झाल्या ना? मग सूर लावायचा कसा?

सोल्डर
बरोबर पकडलंत. म्हणून नंतर ब्रिजच्या शेपटाकडे बारीक स्क्रू आले, फाइन ट्यूनर. याला मराठीत आयता शब्द आहे आणि तो तुमच्या तंबोऱ्यावरच आहे: मणी. खुंटीने ढोबळ लावायचं, मण्याने बारीक.

जवारी
वा! मग माहितीपत्रकात ‘मणी’ घालाच.

कंपनसंख्या
पिएझोबद्दल बोलतो. मूळ ग्रीक क्रियापद आहे, अर्थ दाबणे, पिळणे. १८८० मध्ये ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं की क्वार्ट्झ, टूर्मलिन अशा स्फटिकांवर दाब दिला की पृष्ठभागावर विद्युत प्रभार येतो. ‘दाबविद्युत’ हा त्या परिणामाचा चोख प्रतिशब्द आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तोच वापरावा.

गिटारच्या लेखात मात्र तो थोडा फसवतो. ‘दाब’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, तार सॅडलवर जितकी जोरात टेकली असेल तितका आवाज मोठा. स्थिर दाबाने आलेला प्रभार लगेच गळून जातो, टिकत नाही. पिएझो ऐकतो तो दाबातला फरक. तार कंप पावताना सॅडलवरचा दाब सेकंदाला शेकडो वेळा कमी-जास्त होतो, तोच सिग्नल. (‘कंप’ शब्द वापरायचाच असेल तर त्याची जागा इथे आहे.)

नेहमीचा चुंबकीय पिकअप याच्या अगदी वेगळा. तो पोलादी तारेची हालचाल चुंबकीय क्षेत्रातून टिपतो, तार नायलॉनची असेल तर तो मुका. पिएझोला तार कशाचीही चालते, कारण त्याला स्पर्श कळतो. त्यामुळेच त्याचा आवाज अकूस्टिक गिटारच्या जवळ जातो.

बेसूर
म्हणजे ‘स्पर्श पिकअप’?

कंपनसंख्या
नको, टचस्क्रीन आठवेल. ‘पिएझो’च लिहा, पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य समजावून सांगा. आणि ‘पिएझो’च बरं का, ‘पायझो’ किंवा ‘पिझो’ नको. इंग्रजीत उच्चार दोन-तीन चालतात, पण मराठीत लिहिताना मूळ ग्रीकमधला ‘ए’ कशाला गाळायचा?

सोल्डर
आता तुमच्या मूळ वाक्याकडे. ‘बसवता येतात’ या दोन शब्दांत बरंच काही दडपलं आहे.

फ्लॉइड रोज ब्रिजवर पिएझो बसवायचा म्हणजे ब्रिजखाली पट्टी सरकवायची असं नाही. अकूस्टिकमध्ये तसं करतात. इथे प्रत्येक सॅडलमध्येच, तार टेकते त्या जागेखाली, एक-एक स्फटिक असतो. म्हणजे सहा सॅडल, सहा स्फटिक, सहा केसाएवढ्या वायरी. त्या ब्रिजखालच्या, गिटारच्या शरीरात उतरणाऱ्या ठोकळ्याशेजारून पाठीमागच्या स्प्रिंगांच्या खोबणीत उतरतात. ब्रिज डोलणारा, वायरी मात्र शरीराला बांधलेल्या. दांडा खाली गेला की ठोकळा पुढे-मागे फिरतो आणि वायर त्याच्याबरोबर ओढली जाते. तिला सैल वळसा ठेवला नाही तर सोल्डरपाशी तुटते, जास्त सैल ठेवली तर स्प्रिंगेत अडकते. एक गिटार माझ्याकडे आली होती, पाचवी तार मधूनच गायब व्हायची. दांडा पूर्ण दाबला की जायची, सोडला की परत. पाठचं झाकण उघडलं तर त्या एकाच सॅडलची वायर बाकीच्यांपेक्षा बोटभर आखूड लावलेली.

दुसरी गोष्ट, पिएझोला सगळंच ऐकू येतं: स्प्रिंगांची झणझण, दांड्याची खटखट, सॅडलवर ठेवलेला तळहात. चुंबकीय पिकअपवर न जाणवणारा खुळखुळाट इथे स्पीकरमधून येतो. स्प्रिंगांत स्पंजचा तुकडा घातला की बराच शमतो.

तिसरी, उष्णता. या सिरॅमिक स्फटिकांना एका तापमानापलीकडे नेलं की त्यांचा गुणच जातो. त्या तापमानालाही क्युरींचंच नाव आहे, क्युरी तापमान. सोल्डरिंगचं टोक साधारण साडेतीनशे अंशांवर असतं, आणि ते बऱ्याच सिरॅमिकना धोक्याचं आहे. तेव्हा सॅडलजवळ डाग लावायचाच नाही, वायरीच्या दुसऱ्या टोकाला लावायचा.

बेसूर
आणि ‘बफर’, ‘प्रीॲम्प’ (ॲम्पच्या आधी सिग्नल वाढवणारं सर्किट)? हे शब्द पुढच्याच ओळीत आहेत.

कंपनसंख्या
हे टाळता येणार नाहीत. पिएझो विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर आहे. त्याची धारकता एक नॅनोफॅरड धरा. तो थेट एक मेगाओहमच्या इनपुटला जोडला तर सुमारे १६० हर्ट्झखालचा भाग गळू लागतो. गिटारची सहावी तार ८२ हर्ट्झची, म्हणजे खर्जाचा पायाच पातळ झाला. तेच इनपुट दहा मेगाओहमचं केलं तर सीमा १६ हर्ट्झवर येते आणि सगळा खर्ज शाबूत राहतो. बफरचं काम एवढंच: स्फटिकासमोर खूप मोठा रोध धरायचा आणि पुढे केबलला सोसेल असा सिग्नल द्यायचा. ‘बफर’ला कोणी ‘मध्यस्थ’ सुचवेल, पण मध्यस्थ दोन्हीकडचं ऐकतो, हा एकाच दिशेने बोलतो.

सोल्डर
त्या बफरला नऊ व्होल्टची बॅटरी लागते, आणि फ्लॉइडसाठी आधीच इतकं लाकूड कोरलेलं असतं की ती ठेवायची कुठे हाच अनेकदा मोठा प्रश्न. नवी खोबण काढण्याआधी लाकूड किती उरलंय ते मोजा.

तयार गिटारींत आयबानेझ कंपनीचा ‘डबल एज’ ब्रिज होता, तो जखडीचाच आणि सॅडलमध्ये पिएझो. १९९३ च्या पार्कर फ्लाय या गिटारचं उदाहरणही लोक इथे देतात, पण तिचा ट्रेमोलो डबल लॉकिंग नाही. तिथे खुंट्याच तार आवळून धरतात. तुमच्या लेखात ती ‘ट्रेमोलो आणि पिएझो’ या भागात जाईल, ‘लॉकिंग’ या भागात नाही.

बेसूर
आता असं लिहितोय, बघा: ‘दोन्ही टोकांना तार आवळून धरणाऱ्या ट्रेमोलो ब्रिजला डबल लॉकिंग म्हणतात. त्याच्या प्रत्येक सॅडलमध्ये पिएझो स्फटिक बसवलेला प्रकारही मिळतो. हा स्फटिक तारेच्या कंपाने सॅडलवर होणारा दाबातला बदल टिपतो. त्याचा सिग्नल बफरमधून घेऊन चुंबकीय पिकअपबरोबर मिसळता येतो, किंवा स्टिरिओ जॅकने वेगळा बाहेर काढता येतो.’

जवारी
‘टिपतो’ झकास. पण ‘मणी’ कुठे गेला?

सोल्डर
‘मिसळता येतो’च्या पुढे एक ओळ घाला: दोन्ही मिसळल्यावर आवाज अचानक पोकळ, बारीक वाटला तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन सिग्नल एकमेकांना खोडताहेत, चुंबकीय पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करून पाहा. मात्र पिकअपच्या धातूच्या कव्हरची अर्थिंग वायर त्याच दोघींपैकी एकीला जोडलेली असेल तर आधी ती वेगळी करा, नाहीतर गुणगुण सुरू होईल.