अनुभव धागा: स्कूल बसमधली मुलं, त्यांचं वागणं आणि त्यांची सुरक्षितता (नागपूर)

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. शाळा जवळ आली की सोसायटीच्या गेटवर बस की व्हॅन, महिन्याचे किती, एसी आहे का, याच गोष्टी निघतात. तासभराच्या त्या प्रवासात मुलं एकमेकांशी कशी वागतात आणि त्यांच्याकडे लक्ष कोण ठेवतं, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

राज्याने 2011 मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. 2012 मध्ये नागपुरात एका लहान मुलाचा स्कूल बसखाली जीव गेला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. नियम आहेत, न्यायालयाचं लक्षही गेलेलं आहे. बसच्या आत रोज काय घडतं ते मात्र आपणच सांगू शकतो. शाळेचं, चालकाचं, मुलाचं नाव लिहू नका. बाकी मोकळेपणाने लिहा.

एक आई, मानेवाडा

मुलगा दुसरीत. दिवाळीनंतर रोज सकाळी पोट दुखतं म्हणायला लागला. डबा रिकामा यायचा, म्हणून खातोय असंच वाटायचं. एके दिवशी डबा घासताना लक्षात आलं की चमचा कोरडा आहे, घरून दिला तसाच, रुमालात गुंडाळलेला. त्या दिवशी पोहे दिले होते आणि तो पोहे हाताने कधीच खात नाही. जवळ घेऊन विचारलं तेव्हा रडत रडत सांगितलं. सकाळी बसमध्येच मागच्या सीटवरचे मोठे दादा डबा संपवायचे आणि याला छत्रपती चौकापासून उभं ठेवायचे.

मुलांवर लक्ष ठेवायला नेमलेल्या ताई बसमध्ये होत्या, पण चालकाशेजारच्या सीटवर, मुलांकडे पाठ करून. शाळेत जाऊन मी दोनच मागण्या केल्या. प्रत्येकाची जागा ठरवून द्या, लहान मुलं पुढे. आणि ताईंना मागे बसवा. मोठ्या मुलांना शिक्षा करा असं मी म्हटलं नाही, तीही लेकरंच आहेत. ताई मागे बसायला लागल्या आणि त्याच आठवड्यात प्रकार थांबला. पोट दुखणंही थांबलं.

चालकाची मुलगी, हुडकेश्वर

माझे बाबा स्कूल बस चालवतात. ते सांगत गेले, मी टाइप केलं. बोली त्यांचीच ठेवली आहे.

“लोक म्हणते ड्रायव्हर जोरात चालवते. चालवत असन कोणी, मी नाही म्हणत नाही. पण मांगं पोट्टे काय करून राहिले ते बी पाहा. रिंग रोडवर डाव्या अंगानं ऑटो घुसते, उजव्या अंगानं टू-व्हीलर, अन् आरशात दोन पोट्टे एकमेकाचं दप्तर ओढून राहिले. मी आरशात पाहू का रस्त्यावर पाहू? मी ओरडत नाही. ओरडलं का ते हासते अन् माझंच ध्यान जाते. जागा पाहून गाडी साइडले लावतो, इंजन बंद करतो, बोलत काहीच नाही. गाडी थांबली का पोट्टे आपोआप चुप होते. मंग दोघाले वेगळं बसवतो. उशीर होते, मालकाचा फोन येते, पालकाचा येते. येऊ द्या.

सगळ्यात भेव मले उतरतानी वाटते. दरवाजा डाव्या बाजूले. ज्याचं घर पलीकडं, ते पोट्टं उतरून गाडीच्या तोंडासमोरून पळते. पहिली-दुसरीचं लेकरू गाडीले चिपकून असन तर मले सीटवरून त्याचं डोस्कं बी दिसत नाही. वॉटर बॅग पडली अन् उचलाले वाकलं तर विषयच संपला. म्हणून हँडब्रेक ओढतो अन् ताईनं पलीकडून हात वर केल्याशिवाय गाडी काढत नाही. मांगचा कारवाला हॉर्न मारते, मारू द्या.

पालकाले एकच सांगणं हाय. आजी-आजोबा घ्यायले येते, पलीकडं उभे रायते अन् तिकडूनच ‘ये बाळा’ म्हणते. हाक मारू नका. रस्ता तुम्ही ओलांडा, बसच्या दरवाजापाशी या.”

बसमधल्या ताई, जरीपटका

वरच्या चालकदादांचं खरं आहे. मी आणखी एक सांगते. दुपारी शेवटचं मूल उतरलं की मी मागच्या सीटपर्यंत चालत जाते, सीटखाली वाकून बघते. उन्हात लेकरं झोपतात, दप्तरावर डोकं ठेवून खाली सरकतात, उभ्याने बघितलं तर दिसत नाहीत. नागपूरचं ऊन आणि बंद बस, विचार करवत नाही. आम्हाला शिकवायला कोणी येत नाही. शाळेने वर्षातून एकदा तरी बसवून शिकवावं असं वाटतं.

नववीतली मुलगी (आईच्या परवानगीने)

आमच्या बसमध्ये दोन मुलं मोबाइलवर मुलींचे व्हिडिओ काढायची. आम्ही जागा बदलायचो, ते पण बदलायचे. ताईंना सांगितलं. त्यांनी “दुर्लक्ष करा” असं म्हटलं नाही, सरळ मुख्याध्यापिकांकडे घेऊन गेल्या. आता बसमध्ये फोन दप्तराबाहेर काढायचा नाही, असा नियम आहे.

एक बाबा, बेसा

आमच्याकडे शाळेची बसच येत नाही. व्हॅन आहे, गॅसकिटवर फळी टाकून त्यावर मुलं बसवतात. बोललो तर व्हॅनवाले म्हणतात, दुसरी बघा. दुसरी नाही. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलं की माझा जीव खालीवर होतो.

शिक्षिका, परिवहन समिती सदस्य

नववीतल्या बाळा, तू बोललीस ते फार बरं केलंस. ताईही योग्य वागल्या. प्रकार लैंगिक छळाचा असेल तर 2012 च्या पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, शाळेने आपसात मिटवायचं नसतं. मुलांना 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ करून द्या.

बेसाच्या बाबांनी तसल्या व्हॅनची तक्रार आरटीओकडे लेखी करावी, आणि एकट्याने नको. त्या व्हॅनमधल्या सगळ्या पालकांच्या सह्या घ्या, म्हणजे “दुसरी बघा” हे एकेकाला म्हणता येणार नाही.

नवे पालक, वाडी

मॅडम, आमच्या शाळेत बसचं बघणाऱ्या परिवहन समितीवर पालक कोण आहेत हेच कोणी सांगत नाही. विचारायचं कोणाला?

शिक्षिका, परिवहन समिती सदस्य

मुख्याध्यापकांना. समितीचे अध्यक्ष तेच असतात, आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओ यांचीही माणसं त्यात असतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा, बसचं फिटनेस प्रमाणपत्र आणि विमा बघायला मागा. तुमच्या मार्गावरच्या बसमध्ये ताई कोणत्या सीटवर बसतात, हेही त्याच अर्जात विचारा.