डीव्हीआरवर थेट चित्र दिसते, पण ३ तारखेनंतरचे रेकॉर्डिंगच नाही

कृष्णाकाठ (प्रश्न)
नमस्कार. सांगली जिल्ह्यातील आमच्या गावच्या घरी सहा वर्षांपूर्वी २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे बसवले असून डीव्हीआरमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क आहे. ६ तारखेच्या रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत कोणीतरी अंगणातील बोअरच्या मोटरची केबल कापून नेली. सकाळी मोठ्या विश्वासाने प्लेबॅक उघडले, तर ३ तारखेच्या दुपारनंतर एकाही कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग सापडले नाही. थेट चित्र टीव्हीवर आणि पुण्यात असलेल्या मुलाच्या मोबाइलवरही स्वच्छ दिसत असल्यामुळे काही बिघडले असेल अशी शंकाही आम्हाला आली नव्हती. ३ तारखेला दुपारी ३ ते संध्याकाळी ७ वीज नव्हती आणि डीव्हीआर इन्व्हर्टरवर जोडलेला नाही. ज्यांनी कॅमेरे बसवले त्यांचा फोन आता लागत नाही. आज ९ तारीख आहे. घरच्या घरी काय तपासता येईल?

निळा_दिवा
हार्ड डिस्क भरली असावी किंवा खराब झाली असावी. मेनूमधून एकदा फॉरमॅट करून पाहावी. माझ्याकडे तेवढ्यानेच रेकॉर्डिंग सुरू झाले होते.

तार_आणि_पक्कड
कृपया फॉरमॅट करू नका. ज्या रात्रीचे चित्रण आपल्याला हवे आहे ते डिस्कवर असण्याची शक्यता अजून शिल्लक आहे, आणि फॉरमॅट केल्यावर ते परत मिळवणे घरच्या घरी जमणारे काम नाही.

प्रथम मेनूमधील स्टोरेजच्या पानावर डिस्कची स्थिती पाहावी. डिस्क यादीत दिसतच नसेल, तर तिला लगेच दोष देऊ नये. ॲडॅप्टर जुना झाला की १२ व्होल्टचा दाब भार पडताच खाली येतो. तेवढ्या विजेवर डीव्हीआर चालू राहतो, चित्रही दाखवतो, परंतु सुरुवातीला फिरण्यासाठी डिस्कला जो जास्त प्रवाह लागतो तो तिला मिळत नाही. अशा वेळी डीव्हीआरमधून टक टक असा आवाज येत राहतो. त्याच क्षमतेचा दुसरा ॲडॅप्टर लावून पाहिले की दोष कोणाचा ते कळते. डिस्क दिसते पण एरर दाखवते, असे असेल तर मात्र ती बदलावी लागेल, आणि तेव्हा संगणकाची साधी डिस्क न घेता डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक यांसारखी, चोवीस तास लिहीत राहण्यासाठी बनवलेली डिस्क घ्यावी.

तथापि, रेकॉर्डिंग बंद होण्याची आणि वीज जाण्याची वेळ तंतोतंत जुळते, म्हणून माझा संशय वेगळाच आहे. चित्राच्या कोपऱ्यात आत्ता कोणती तारीख दिसते, ते कळवावे.

कृष्णाकाठ
डिस्कची स्थिती ‘नॉर्मल’ आहे. आता ९ तारखेच्या रात्रीचे ८ वाजले आहेत आणि पडद्यावर ०७-०१-२०००, ०१:०० असे दिसते! मोबाइलवर ही अक्षरे इतकी बारीक होती की आम्हा कोणाचेच तिकडे लक्ष गेले नाही.

तार_आणि_पक्कड
मग आपले रेकॉर्डिंग बंद पडलेले नसून चुकीच्या तारखेखाली साठत आहे, असे दिसते. डीव्हीआरच्या बोर्डवर घड्याळासाठी नाण्यासारखा चपटा सेल असतो, बहुधा सीआर २०३२. तो संपला की वीज जाताच घड्याळ मूळ तारखेवर, म्हणजे आपल्या यंत्रात १ जानेवारी २००० वर जाते.

आता हिशेब करू. ६ तारखेचे रात्रीचे ११ म्हणजे आपण पाहिलेल्या वेळेच्या ६९ तास आधी. यंत्राच्या घड्याळाने ४ जानेवारी २०००, पहाटेचे ४. तेथून सकाळी १० पर्यंतचे रेकॉर्डिंग पाहावे. सकाळ लिहिलेली असूनही चित्र काळेपांढरे, रात्रीचे दिसेल. त्याने गोंधळून जाऊ नये.

सापडलेला भाग आधी पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि मगच घड्याळ दुरुस्त करावे, कारण डिस्क भरल्यावर सर्वांत जुने रेकॉर्डिंग पुसले जाते आणि काही यंत्रे २००० सालची तारीख पाहून नेमका तोच भाग आधी काढून टाकू शकतात. तोपर्यंत वीज गेली तर घड्याळ पुन्हा १ जानेवारीवर येईल आणि एकाच तारखेखाली दोन वेळांचे चित्रण मिसळेल, म्हणून डीव्हीआर तात्पुरता इन्व्हर्टरवर घेता आला तर पाहावे. मात्र जोडणी बदलताना तो बंद पडणार असेल, तर प्रत घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

ओसरी
घाई करण्याचे आणखी एक कारण सांगतो. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने सतत लिहीत असेल, तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे २१.६ जीबी आणि चारांचे ८६ जीबी होतात. १ टीबीची डिस्क त्या हिशेबाने साधारण ११ दिवसांत भरते. पोलिसांत तक्रार देणार असाल तर डिस्क तशीच सांभाळून ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा चित्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. यंत्राचे घड्याळ किती मागे होते, याचीही लेखी नोंद जवळ ठेवावी, नाहीतर २००० सालची चोरी घेऊन आलात म्हणून ठाण्यात हसे व्हायचे.

कृष्णाकाठ
सापडले. यंत्रातील पहाटे ५:४० ला, म्हणजे खऱ्या रात्रीच्या १२:४० ला, दोघेजण कुंपण ओलांडून आत येताना दिसतात; तोंडाला रुमाल आहेत, पण एकाची लंगडी चाल स्पष्ट कळते. त्या सहा तासांची प्रत दोन पेन ड्राइव्हवर घेतली आणि पडद्यावरील तारखेचा घरातील घड्याळासह फोटोही काढून ठेवला. त्यानंतर वीज काढून डीव्हीआर उघडला, तर जुना सेल ३ ऐवजी जेमतेम १ व्होल्ट दाखवत होता. नवा सेल घड्याळवाल्याकडे मिळाला. मुलाने सेटिंगमध्ये इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय चालू करून कालविभाग जीएमटी +५:३० ठेवला आहे. इंटरनेटची वायर काढून आणि डीव्हीआर दहा मिनिटे बंद ठेवून पाहिला. पुन्हा सुरू केल्यावर तारीख बरोबर होती.