दुखतेय मान, आणि डॉक्टर कंबरेखालचाही एमआरआय सांगताहेत. करावा का? (मदत हवी आहे)

रानजाई
नमस्कार, घाईत लिहितेय. नवऱ्याची मान सात महिन्यांपासून दुखतेय. मार्चमध्ये मानेचा एमआरआय केला, साडेसहा हजार गेले. रिपोर्टमध्ये सी५-सी६ची (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली) चकती जराशी बाहेर आलीय, मज्जारज्जूवर दाब नाही, एवढंच. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा, शेक, गोळ्या दिल्या. गोळी घेतली की बरं, सोडली की पुन्हा तेच. आता संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, फिल्म बघितल्या आणि म्हणाले, यात स्टिर नावाची चित्रं नाहीत, परत काढा, आणि सोबत एसआय जॉइंटचाही काढा. अहो, कंबरेची तक्रारच नाही! गुरुवारी सकाळचा नंबर घेतलाय. ठेवू की रद्द करू? माहिती असणाऱ्यांनीच सांगा, प्लीज.

केळफूल
वय किती? काम काय करतात? रात्री दुखते की दिवसा? हाताला मुंग्या? ताप? यातलं काहीच लिहिलं नाहीये, काय सांगणार?

सुधाकरकाका
उशी काढून टाका. मी १९९८ पासून पंचाची गुंडाळी मानेखाली घेऊन झोपतो, एकदाही त्रास नाही. आणि मोबाइल बघताना मान खाली नको. आमच्या गावाजवळ एक जण मान बसवून देतात, दोन मिनिटांचं काम. पत्ता हवा असल्यास कळवा.

रानजाई
काका, उशी तीनदा बदलून झाली. वय ३१. स्वतःचं गॅरेज आहे. मुंग्या नाहीत, ताप नाही. पहाटे चारच्या सुमारास दुखून जाग येते, मग उठून घरात फेऱ्या मारतात. सकाळी तासभर मान वळतच नाही, गाडी मागे घेताना अख्खं अंग वळवावं लागतं. गॅरेजमध्ये कामाला लागले की दहापर्यंत मोकळी होते. रविवारी घरी असले की उलट जास्त. पण माझा प्रश्न एमआरआयचा आहे.

दिगंत
रानजाई, तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. पहाटे जाग येणं, तासभर आखडणं, हालचालीने मोकळं होणं, विश्रांतीने वाढणं, गोळीने उतरणं, वय चाळीसच्या आत. झिजेचं दुखणं सहसा असं वागत नाही, ते कामाने वाढतं आणि पडून राहिल्यावर कमी होतं. मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे, म्हणजे कण्याच्या सांध्यांना सूज आणणारा संधिवात. निदान व्हायला सहा वर्षं गेली, आणि त्या सहा वर्षांत प्रत्येक जण माझ्या चकतीकडेच बोट दाखवत होता.

चकतीचं मनावर घेऊ नका. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांची चकती बाहेर आलेली होती.

आता स्टिर. साध्या टी२ चित्रात पाणीही पांढरं दिसतं आणि चरबीही. हाडाच्या मगजात चरबी असतेच, त्यामुळे तिथली सूज तिच्यात लपते. स्टिरमध्ये चरबीचा संकेत दाबून टाकतात, मग सूज पांढरी उठून दिसते. मानेत ती मणक्यांच्या कोपऱ्यांवर आणि मागच्या छोट्या सांध्यांत शोधतात.

एसआय जॉइंट म्हणजे कण्याचा खालचा भाग आणि कटीचं हाड जुळतं तो सांधा. हा आजार बहुतेकांत तिथून सुरू होतो, मग तो भाग दुखो न दुखो. मणक्याच्या कोपऱ्यावरची सूज झिजेनेही येते, म्हणून नुसत्या मानेवरून ठरवणं अवघड. २००९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये एमआरआय धरलाय तो एसआय जॉइंटचाच. नंबर ठेवा.

मोगरा७
यंत्रात घाबरायला होतं का त्यांना? मला फार झालं होतं. आत जाण्याआधीच डोळ्यांवर रुमाल ठेवायचा आणि बाहेर येईपर्यंत काढायचा नाही. कानात बोळे मागून घ्या, आवाज खूप असतो.

अवधूत_कराड
एवढा खर्च कशाला? रक्ताची एचएलए-बी२७ तपासणी करा, या आजाराशी जोडलेला जनुक आहे तो. आली तर आहे, नाही आली तर नाही. विषय संपला.

दिगंत
नाही हो, असं नसतं. बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार आयुष्यात होत नाही, आणि आजार असलेल्या काहींमध्ये बी२७ नसतो. सीआरपी, ईएसआर या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचंही तेच. माझं सीआरपी नॉर्मल असताना स्टिरवर सूज होती.

गोदाकाठ
कॉन्ट्रास्टशिवाय (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन) काढू नका. माझ्या बहिणीला मानेच्या मणक्याचा टीबी निघाला, तोही चार महिने 'स्पाँडिलायटिस', म्हणजे मानेची झीज, म्हणून शेक घेतल्यावर. आपल्याकडे टीबी आधी बघायला हवा.

दिगंत
बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण इथे ताप नाही, आणि साध्या एमआरआयमध्येही मणके पोखरलेले किंवा शेजारी गळू असेल तर दिसतं. सरसकट इंजेक्शन का द्यायचं?

गोदाकाठ
बहिणीलाही सुरुवातीला ताप नव्हता. वजन उतरत होतं, ते कुणी विचारलंच नाही. रानजाई, वजन कमी झालंय का?

रानजाई
नाही, वजन तेवढंच आहे.

पहाटवारा
मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. गोदाकाठ आणि दिगंत, दोघांचंही खरं आहे. जंतुसंसर्गाची शंका असेल किंवा आमवातात वरच्या दोन मणक्यांपाशी सुजलेलं आवरण बघायचं असेल तर कॉन्ट्रास्ट उपयोगी पडतो. दिगंत म्हणतात त्या आजारासाठी सहसा स्टिर आणि टी१ (एमआरआयच्या चित्रांचा आणखी एक प्रकार) पुरतात.

रानजाई, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नक्की काय लिहिलंय? नुसतं 'मानदुखी' असेल तर आम्ही नेहमीचा क्रम काढतो. 'दाहक मानदुखी, स्टिरसह, एसआय जॉइंटही' असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे एसआयची चित्रं त्या सांध्याच्या तिरप्या प्रतलात निघतील. नेहमीचा कंबरेचा एमआरआय म्हणजे एसआयचा नव्हे.

आणि एक. गॅरेज म्हणालात. ग्राइंडिंग, वेल्डिंग करतात? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?

सरोजिनी_म
सुधाकरकाका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मान बसवणाऱ्याचा पत्ता कृपया देऊ नका. माझ्या आईला आमवात आहे. तिचे मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकलेले निघाले, मान वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये दिसलं. आदल्याच आठवड्यात आम्ही तिला अशाच माणसाकडे न्यायला निघालो होतो. आजही आठवलं की हात गार पडतात.

सुधाकरकाका
हे मला ठाऊक नव्हतं. निदान होईपर्यंत कुणाकडे नेऊ नका. मी पत्ता देणार नाही.

रानजाई
पहाटवारा, हो! मागच्या श्रावणात उजवा डोळा लालभडक झाला होता, उजेड सहन होत नव्हता. कण गेला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. थेंब दिले, तीन आठवड्यांत बरा झाला. मार्चमध्ये एमआरआयच्या वेळी हे कुणाला सांगितलंच नाही, आम्हाला त्याचा संबंधच वाटला नाही.

दिगंत
तो डोळ्यांचा कागद शोधा. आत्ता.

रानजाई
सापडला. 'आयरायटिस' लिहिलंय. कण मिळाल्याचं कुठेच नाही.

दिगंत
म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. ती आणि हे मानेचं दुखणं एकाच आजाराची असू शकतात. संधिवाताच्या डॉक्टरांना हा कागद दाखवाच. मलाही हे डोळ्याचं दोनदा झालंय.

पहाटवारा
कागद दाखवा, पण आम्हालाही सांगा. ग्राइंडिंग करणाऱ्याच्या डोळ्यात नकळत बारीक कण राहिलेला असू शकतो, आणि चुंबकीय क्षेत्रात तो हलला तर डोळ्याला इजा होते. एकदा काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असं नाही. डोळ्यांच्या खोबणीचा साधा एक्स-रे आधी काढतात.

रानजाई
सेंटरला फोन केला. गुरुवारी अर्धा तास लवकर बोलावलंय, आधी डोळ्यांचा एक्स-रे काढणार. चिठ्ठी उद्या बदलून घेते. गोळ्या तोवर बंद ठेवायच्या का? सूज उतरली तर दिसणार नाही ना?

पहाटवारा
स्वतःहून बंद करू नका. उद्या चिठ्ठीसाठी जाताय तेव्हाच डॉक्टरांना विचारा. आणि मार्चच्या फिल्म, सीडी दोन्ही घेऊन या, नुसता रिपोर्ट नको.