व्हॅम्पायर आणि ऊन: १९२२ ते २००८, सहा सिनेमे कोणते आणि कुठली प्रत लावायची?

निशाचर९४

सहा शनिवार, सहा सिनेमे. पहिला १९२२चा 'नॉस्फेराटू' आणि शेवटचा २००८चा स्वीडिश 'लेट द राइट वन इन', एवढं पक्कं आहे. मधले चार सुचवा. नुसती आवडत्या सिनेमांची यादी नको, एका सूत्रात बसतील असे हवेत, आणि ते सूत्र आहे ऊन. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाही हिंडतो, फक्त त्याची ताकद तेव्हा कमी असते. मग 'ऊन लागलं की राख' हा नियम कुठून आला, आणि प्रत्येक दशकाने त्याचं काय केलं?

दुसरं म्हणजे, एकेका सिनेमाच्या चार-चार प्रती फिरतात. कुठली घ्यावी? प्रोजेक्टर साधा १०८०पी आहे, खोलीत पूर्ण अंधार होतो.

रिळांचा डबा

नियम तुमच्या पहिल्याच सिनेमाचा आहे. प्राना फिल्म या कंपनीने स्टोकरच्या कादंबरीचे हक्क घेतले नव्हते. नावं बदलली, ड्रॅक्युलाच्या जागी काउंट ऑर्लॉक उभा केला आणि शेवटही वेगळा केला. कादंबरीत ड्रॅक्युला सुऱ्यांनी मरतो. इथे नायिका एलेन ऑर्लॉकला पहाटे कोंबडा आरवेपर्यंत आपल्याजवळ थोपवून धरते आणि खिडकीतून ऊन आलं की तो विरतो. एवढे बदल करूनही स्टोकरची पत्नी फ्लोरेन्स हिने दावा लावला आणि १९२५मध्ये जर्मन कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. तोवर काही प्रती बाहेर गेलेल्या होत्या, म्हणून सिनेमा आज आहे.

आता प्रतीचं, कारण तुमचं सगळं सूत्र इथेच तुटू शकतं. रात्रीची बाहेरची दृश्यं त्या काळी दिवसाउजेडी शूट करत आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवत. निळं म्हणजे रात्र, पिवळं म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या बऱ्याच प्रतींमध्ये हे रंग नाहीत, निव्वळ कृष्णधवल. त्यात ऑर्लॉक स्वतःची शवपेटी काखेत घेऊन भर उन्हात गावातून चालताना दिसतो आणि थोड्या वेळाने त्याच उन्हाने मरतो. प्रेक्षक विचारणारच, मग मघाशी का नाही मेला? म्हणून प्रत ठरवायच्या आधी शवपेटीचं ते दृश्य उघडा. निळं असेल तरच घ्या.

दुसरी खूण वेगाची. दिग्दर्शक मुर्नाऊच्या नावाच्या प्रतिष्ठानाने जीर्णोद्धार केलेली प्रत साधारण ९४ मिनिटांची आहे, सेकंदाला १८ फ्रेम धरून. तेच रीळ २४ फ्रेमने पळवलं की सत्तर मिनिटांत संपतं आणि माणसं तुरुतुरु धावतात. ऑर्लॉकची भीती त्याच्या संथपणात आहे, ती तिथेच जाते. तेव्हा डब्यावर ६५-७० मिनिटं लिहिलेलं दिसलं तर बाजूला ठेवा. ९४ मिनिटांच्या प्रतीत हान्स एर्डमानचं मूळ संगीतही पुन्हा बांधून घातलेलं आहे.

आणि प्रोजेक्टरमधलं 'मोशन स्मूदिंग' (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. जंगलातून बग्गी जाते तिथे निगेटिव्ह प्रतिमा वापरली आहे: झाडं पांढरी, आकाश काळं. निगेटिव्हमध्ये बग्गी काळीच दिसावी म्हणून तिच्यावर पांढरं कापड चढवलं होतं. बग्गीची चाल मुद्दाम अडखळती ठेवली आहे. यंत्राने ती गुळगुळीत केली की सगळा परिणाम वाया.

करडा पडदा

१९३१चा 'ड्रॅक्युला' घ्याच, पण सूत्र तिथे खाली पडतं हे आधी सांगून टाका. बेला लुगोसीचा ड्रॅक्युला उन्हाने मरत नाही. त्याच्या छातीत मेख ठोकतात, तीही पडद्याबाहेर. आपल्याला फक्त कण्हणं ऐकू येतं. पुढे सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा सेन्सॉरपायी ते कण्हणंही कापलं होतं. आताच्या अधिकृत प्रतींत ते परत आलंय. सुळेही कुठे दिसत नाहीत. इथे प्रकाश मारायला नाही, मोहिनी घालायला वापरलाय: कॅमेरामन कार्ल फ्रॉइंडने लुगोसीच्या डोळ्यांवर दोन बारीक झोत टाकले आणि बाकी चेहरा अंधारात सोडला.

याच सेटवर रात्रपाळीत स्पॅनिश आवृत्ती शूट व्हायची, दिग्दर्शक जॉर्ज मेलफर्ड. ती १०४ मिनिटांची, इंग्रजी ७५ची. स्पॅनिश चमूला दिवसाचं चित्रीकरण बघायला मिळे, म्हणून त्यांचा कॅमेरा जास्त हलता आणि चौकटी जास्त विचारपूर्वक आहेत. नटाच्या बाबतीत मात्र कार्लोस विलारियास लुगोसीच्या जवळपासही येत नाही. माझा सल्ला: पूर्ण इंग्रजी दाखवा आणि दोन्हींतला ड्रॅक्युलाचा जिन्यावरचा पहिला प्रवेश पाठोपाठ लावा. युनिव्हर्सलच्या ब्लू-रेवर दोन्ही असतात. शीर्षकांनंतर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, तेव्हा पंख्याची घरघर बंद ठेवा. ती शांतता ऐकू यायला हवी.

मग १९५८चा हॅमर स्टुडिओचा 'ड्रॅक्युला', अमेरिकेत 'हॉरर ऑफ ड्रॅक्युला'. तुमच्या मालिकेचा कळस हाच. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला व्हॅन हेल्सिंग, म्हणजे पीटर कुशिंग, लांब टेबलावरून धावत जाऊन पडद्यावर झेप घेतो, पडदा फाटतो, ऊन आत येतं. पण तेवढ्याने भागत नाही. ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर ली त्या पट्ट्याबाहेर सरकू बघतो, तेव्हा कुशिंग दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस करतो आणि त्याला उन्हात रेटतो. १९२२चं ऊन आपोआप उगवलं होतं, इथे माणूस ते हत्यारासारखं वापरतो. हा फरक प्रेक्षकांना दाखवण्यासारखा आहे.

प्रतीचा पेच इथे आहे. शेवटची राख होण्याची काही क्षणचित्रं सेन्सॉरने कापली होती. ती टोकियोतल्या फिल्म संग्रहातल्या जपानी प्रतीत सापडली आणि २०१३च्या ब्रिटिश ब्लू-रेवर आली. ली स्वतःच्या चेहऱ्याचं कातडं ओरबाडतो तो तुकडा त्यातच आहे. पण त्या ब्लू-रेचे रंग निळसर झुकतात. २०१८च्या वॉर्नर आर्काइव्हच्या प्रतीचे रंग उबदार आहेत, रक्त नीट लाल आहे, पण हे तुकडे नाहीत. सूत्र ऊन असेल तर ब्रिटिश घ्या आणि प्रोजेक्टरवर निळा दोन-तीन घरं उतरवा.

वाघूर

चौथा १९९२चा कपोलाचा 'ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला' घ्या. लोक तो भडक म्हणून सोडतात, पण कादंबरीतला नियम परत आणणारा तोच आहे: त्याचा ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो. ते दृश्य हाताने फिरवायच्या जुन्या पाथे कॅमेऱ्याने घेतलंय, म्हणून हालचाल १८९०च्या दशकातल्या चित्रपटांसारखी थरथरते. कपोलाने संगणकी करामती नाकारल्या. सगळं दुहेरी एक्स्पोजर, उलटं चित्रीकरण, छोट्या प्रतिकृती. व्हॅम्पायर झालेली लूसी शवपेटीत मागे सरकते ते तिला बाहेर यायला लावून रीळ उलटं फिरवलंय. एइको इशिओकाच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं ते अगदी रास्त.

निशाचर९४

@रिळांचा डबा, शवपेटीची खूण लगेच तपासली. हाताशी असलेली प्रत कृष्णधवल निघाली, बदलतो. @वाघूर, कपोला घेतला तर हेर्झॉगचा १९७९चा 'नॉस्फेराटू' सुटतो. दोन्ही बसवू का? आणि १९८७च्या 'निअर डार्क' आणि 'द लॉस्ट बॉइज' यांतला कुठला?

रिळांचा डबा

'निअर डार्क', विचारसुद्धा करू नका. 'लॉस्ट बॉइज' मजेचा आहे, पण ऊन त्याचा विषय नाही. कॅथरिन बिगेलोच्या सिनेमात झगा नाही, किल्ला नाही, 'व्हॅम्पायर' हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. उरतं फक्त ऊन. गाडीच्या काचांना चंदेरी फॉइल चिकटवून ही टोळी दिवसा प्रवास करते. मोटेलच्या खोलीवर पोलीस गोळीबार करतात तेव्हा गोळ्यांची भीती कुणालाच नाही. भिंतीला पडलेल्या प्रत्येक भोकातून उन्हाची एक काठी आत घुसते आणि जिथे लागेल तिथे कातडी धुमसते. कुशिंगचा एक पडदा आठवा आणि मग ही पन्नास भोकं बघा. म्हणून हे दोन लागोपाठच्या शनिवारी ठेवा, मध्ये १९७९ घालू नका. वर्षांचा क्रम एकदा मोडला तरी चालेल.

१९७९ की १९९२, तर मी हेर्झॉगकडे. क्लाउस किन्स्कीचा ड्रॅक्युला मरणासाठी आसुसलेला आहे, त्यामुळे पहाटेचं ऊन शिक्षा राहतच नाही. पण जर्मन आवृत्ती लावा. नटांनी संवादाची दृश्यं दोन्ही भाषांत वेगळी दिली होती आणि इंग्रजीत ते अवघडलेले वाटतात. सातवा शनिवार मिळत असेल तर कपोलाही घ्या, वाघूर यांचा मुद्दा खरा आहे.

करडा पडदा

शेवटच्या सिनेमाबद्दल एक खबरदारी. 'लेट द राइट वन इन'च्या २००९च्या अमेरिकन डिस्कवर इंग्रजी सबटायटल्स सपाट करून टाकली होती. निम्मे विनोद आणि बरेचसे अर्थ गेले. तक्रारी झाल्यावर कंपनीने थिएटरमधली सबटायटल्स परत आणली. डब्याच्या पाठीमागे सबटायटल्सच्या ओळीत इंग्रजीपुढे 'थिएट्रिकल' हा शब्द छापलेला असेल तीच घ्या. ऊन तिथे जीव घेतं ते एकाच दृश्यात, इस्पितळात: चावा झालेली व्हर्जिनिया स्वतःच पडदे उघडायला सांगते आणि क्षणात पेट घेते. तिथे आवाज कमी ठेवू नका, त्या दृश्याचा दणका ध्वनीत आहे.

वेंगुर्ल्याचा

मराठी माहितीपत्रक काढणार असाल तर एक विनंती: व्हॅम्पायरला 'वेताळ' लिहू नका. २०२५च्या हिंदी 'थामा'पासून (दिग्दर्शक आपलेच आदित्य सरपोतदार) बेताळ म्हणजे व्हॅम्पायर असं समीकरण पक्कं व्हायला लागलंय. सिनेमाला ते स्वातंत्र्य आहे, पण माहितीपत्रकाला नाही. तळकोकणात आणि गोव्यात वेताळ हा राखणदार देव आहे. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात असं मानतात. गोष्टीतला वेताळसुद्धा प्रेतात शिरून विक्रमाला कोडी घालतो, रक्त पीत नाही. 'रक्तपिशाच' म्हणा, नाहीतर सरळ 'व्हॅम्पायर'. वाचणाऱ्याला दोन्ही कळतात.