मदत हवी आहे : बॅकप्लेट-विंग घ्यायचंय. पोलादी की ॲल्युमिनियम? आणि लिफ्ट नेमकी किती?

बुडबुडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे डायव्हिंग करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, पण जे आहेत ते विचारलं की मनापासून उत्तर देतात, म्हणून हा धागा.

साठेक डायव्ह झाल्यात, सगळ्या भाड्याच्या जॅकेटवर (तरंगण्यासाठी हवा भरायचं ते). माझं आणि जॅकेटचं काही जमत नाही. वर आल्यावर हवा भरली की बरगड्या आवळल्या जातात. खाली गेल्यावर तेच जॅकेट ढिलं पडून कानापर्यंत सरकतं आणि सिलिंडर पाठीवर डुलत राहतो. त्यात माझे पाय खाली जातात. आडवं राहायचं म्हणून सतत पायातले फिन मारते आणि सोबतच्यांच्या आधी माझी हवा संपते.

मागच्या ट्रिपला एका मैत्रिणीचं बॅकप्लेट-विंग अर्धा तास उथळ पाण्यात लावून पाहिलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. पण विकत घ्यायला बसले तर डोकं गरगरलं. पोलादी प्लेट, ॲल्युमिनियमची, विंग ८ किलो लिफ्टची (म्हणजे तेवढं वजन तरंगत धरणारी), १३ची, २०च्याही पुढची. मला वाटतंय मोठी घेतलेली बरी, अडीअडचणीला कामी येईल. बरोबर आहे का?

माझी माहिती : उंची १५७ सेंमी, धड आखूड. ५ मिमी वेटसूट (रबरी फोमचा पोशाख), ११.१ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर, खारं पाणी, जास्तीत जास्त ३० मीटर. खाली जाता यावं म्हणून कमरेला ६ किलो शिसं. दोन सिलिंडर, गुहा वगैरे डोक्यात नाही आणि येणारही नाही.

कोरडा_ठाक

मी तलावातही काठ सोडत नाही. शीर्षक वाचून वाटलं विमानाचा सुटा भाग हवाय. असो, वाचतोय.

बुडबुडी

@कोरडा_ठाक : हाहा. बॅकप्लेट म्हणजे पाठीवर बसणारा धातूचा पत्रा, त्यात ओवलेला एक लांब पट्टा. पत्रा आणि सिलिंडर यांच्या मधे हवेची पिशवी, ती विंग. जॅकेटमध्ये हवा अंगाभोवती असते, इथे फक्त पाठीमागे. एवढाच फरक, पण सगळी भांडणं त्यावरूनच.

तळठाव

ताई, "मोठी घेतलेली बरी" हे आधी डोक्यातून काढा. गरजेपेक्षा मोठ्या विंगचं जास्तीचं कापड सिलिंडरभोवती दोन्हीकडून गुंडाळलं जातं, हवा कोपऱ्यात अडकते, आणि ती बाहेर काढायला तुम्हाला पाण्यात कोलांट्या माराव्या लागतात. दोन सिलिंडरसाठी बनवलेली रुंद विंग एका सिलिंडरवर लावली की हमखास हेच होतं.

लिफ्टचा हिशोब अंदाजाने करायचा नाही, मांडून करायचा. विंगला दोन कामं येतात. पहिलं : खोलवर वेटसूट दाबला जातो, त्याची तरंगण्याची ताकद जाते, ती भरून काढायची. शिवाय सुरुवातीला सिलिंडरमध्ये हवेचं वजन असतं तेही पेलायचं. हो, हवेला वजन असतं! तुमच्या सिलिंडरमध्ये २०० बारला (बार हे दाबाचं एकक) जवळजवळ २.६ किलो हवा भरलेली असते. म्हणून तर तोच सिलिंडर भरलेला असताना पाण्यात पाऊण किलोने जड असतो आणि रिकामा झाला की सुमारे दोन किलोने वर ओढतो.

दुसरं काम : तुम्ही अंगातून काढून ठेवलंत तरी प्लेट, रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते), भरलेला सिलिंडर हे सगळं विंगच्या बळावर पाण्यावर तरंगलं पाहिजे. बोटीवर चढण्याआधी सामान पाण्यातच काढायची वेळ आली की याचं महत्त्व कळतं.

दोन्हींतला मोठा आकडा घ्या, त्यात डोकं आरामात पाण्याबाहेर राहील इतकी, म्हणजे चारेक किलोची भर घाला. तुमचा वेटसूट किती उचलतो हे मात्र मोजावं लागेल. सूट जाळीच्या पिशवीत घाला, पाण्यात दाबून आतली हवा काढा आणि बुडेपर्यंत शिसं टाकत जा. कंटाळवाणं आहे, पण कॅटलॉग चाळण्यापेक्षा उपयोगी.

वीस_मीटर

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण पोलादी प्लेट घ्या असं लगेच कुणी सांगू नये म्हणून लिहितोय. ३ मिमी जाडीची पोलादी प्लेट साधारण अडीच-पावणेतीन किलोची, पाण्यात तिचं वजन २.३-२.४ किलो भरतं. तेवढीच ॲल्युमिनियमची प्लेट पाण्यात जेमतेम अर्धा-पाऊण किलो. प्लेटचं वजन टाकून देता येत नाही, कमरेचं शिसं टाकता येतं. ३० मीटरवर विंग फाटली तर काय, हा प्रश्न आधी सोडवा, मग धातू निवडा. पोलादी प्लेट, पोलादी सिलिंडर आणि वर पातळ सूट असं घेऊन जाणारे पाहिलेत मी. कमरेला शिसं नाहीच, मग टाकणार काय? स्वतःला?

प्रवासात ॲल्युमिनियम हलकी पडते हे वेगळंच.

तळठाव

@वीस_मीटर : रास्त आहे, फक्त ताईंच्या बाबतीत आकडे घालून बघू. आज ६ किलो. जॅकेटच्या फोमची स्वतःचीच तरंग असते, बऱ्याचदा किलोभर, ती गेली. पोलादी प्लेटचे २.४ वजा केले तर कमरेला अडीच किलोच्या आसपास राहतं. ॲल्युमिनियम घेतली तर साडेचार. आता ३० मीटरवर, डायव्हच्या सुरुवातीला विंग फाटली असं धरा. हवेचं वजन २.६ आणि सूटने गमावलेले अडीच-पावणेतीन, म्हणजे पाचेक किलो जड. पोलादी प्लेटवर कमरेचं शिसं सोडलं तरी अडीच-पावणेतीन किलो फिन मारून वर न्यायचे. जमण्यासारखं आहे, आणि वर येताना सूट परत फुगत जातो. शिवाय हाताशी सिग्नल बॉय (हवा भरून वर सोडायचा खुणेचा फुगा) असतोच. ॲल्युमिनियमवर शिसं सोडलं की जवळपास काहीच ओझं राहत नाही. तेव्हा सुरक्षिततेत ॲल्युमिनियम सरस, हे मान्य.

पण ताईंची मूळ तक्रार पायांची आहे. छातीत हवा, कमरेला ६ किलो, मग पाय खाली जाणारच. त्यातलं काही वजन कमरेवरून उचलून पाठीवर, फुप्फुसांच्या मागे नेलं की अंग आपोआप आडवं होतं. पोलादी प्लेट हे काम फुकटात करते. तरी ताई, खरेदीआधी एक करून बघा : सिलिंडर पट्ट्यातून चार-पाच सेंटिमीटर वर सरकवा. डोकं व्हॉल्व्हला आपटणार नाही इतकाच. कित्येकांचे पाय तेवढ्यानेच सरळ होतात.

बुडबुडी

दोघांचेही आभार. आता दर्जा कसा ओळखायचा ते सांगा. हॅल्सिऑन, डाइव्ह राइट, एक्सडीप ही नावं सतत कानावर पडतात, पण नावावर जायचं नाहीये.

तळठाव

नावाआधी प्लेटच्या खाचांमधून बोट फिरवा. पट्टा जिथून ओवला जातो त्या कडा गुळगुळीत हव्यात. धारदार राहिल्या तर पट्टा आतून हळूहळू कापला जातो आणि वरून दिसतही नाही. पोलाद ३१६ प्रतीचं असेल तर खाऱ्या पाण्यात ३०४ पेक्षा जास्त टिकतं. मधल्या दोन बोल्टच्या भोकांतलं अंतर ११ इंच, हे प्रमाण बहुतेक कंपन्या पाळतात. ते असेल तर उद्या दुसऱ्या कंपनीची विंगही बसेल. तुमचं धड आखूड आहे, आखूड प्लेट मिळते ती बघा. लांब प्लेटची खालची कड कंबरेला टोचते आणि खांद्याचे पट्टे नीट बसत नाहीत.

विंगमध्ये बाहेरचं कापड जाड, १००० डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप) किंवा वर. आतली पिशवी वेगळी आणि चेनमधून काढता येणारी असली तर भोक पडल्यावर दुरुस्त करता येते. आकार गोल कड्यासारखा घ्या, घोड्याच्या नालेसारखा नको. गोलमध्ये हवा एका बाजूने दुसरीकडे सहज जाते, नालेत कधीकधी एका पायात अडकून बसते. इलॅस्टिकच्या दोऱ्यांनी आवळलेली विंग नकोच. तोंडाने फुगवायला जड जाते आणि फाटली तर दोऱ्या हवा अजून लवकर बाहेर ढकलतात. इन्फ्लेटरची (विंगमध्ये हवा भरायची) नळी लांबलचक नको, उगाच लोंबकळत राहते.

वापरलेली घेत असाल तर गच्च फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी पाण्यात बुडवून बुडबुडे शोधा.

वीस_मीटर

हार्नेसबद्दल (म्हणजे अंगावरचे पट्टे) : एकच सलग २ इंची पट्टा, एकच बकल. ही मांडणी विल्यम हॉगार्थ मेन या गुहा-डायव्हरच्या नावावरून हॉगार्थियन म्हणून ओळखली जाते. झटपट सुटणारी प्लॅस्टिकची बकलं सोयीची असतात, पण प्रत्येक बकल म्हणजे तुटू शकणारी एक जागा. मी स्वतः बकलवालाच वापरतो, खांदा दुखरा आहे म्हणून. तेव्हा कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

माप घेताना सूट घालूनच घ्या. खांद्याच्या पट्ट्याखाली मूठ नीट सरकली पाहिजे आणि हात मागे नेऊन व्हॉल्व्हला बोटं लागली पाहिजेत. घट्ट ओढणं ही नवख्यांची चूक. पट्टा ढिला असला तरी क्रॉच स्ट्रॅप (पायांमधून जाणारा पट्टा) प्लेटला जागेवर धरतो, ती सरकत नाही.

कोरडा_ठाक

वर आल्यावर विंग माणसाला तोंडावर पाडते असं कुठेतरी ऐकलं होतं?

तळठाव

@कोरडा_ठाक : काठावर बसून बरंच ऐकता की! गच्च फुगवली तर पुढे ढकलते, हो. डोकं वर राहील एवढीच हवा घाला आणि खुर्चीत टेकल्यासारखं मागे रेला, काही होत नाही.

बुडबुडी

मोजमाप करून आले. सूट साडेतीन किलोला बुडेना, ४ ला बुडाला. तो पूर्ण चपटा झाला असं धरून ४ + २.६ = ६.६, त्यात ४ ची भर, म्हणजे साडेदहा-अकरा. ८ ची विंग अपुरी, २० ची निरर्थक. १३ किलोच्या आसपासची गोल विंग नक्की केली.

प्लेटसाठी मैत्रिणीकडून दोन्ही मागून आणल्या. सिलिंडर वर सरकवून ॲल्युमिनियमवर पाय आधीपेक्षा बरे राहिले, पण जायचे ते जातच होते. पोलादीवर फिन न मारता मिनिटभर आडवी राहिले, साठ डायव्हमध्ये पहिल्यांदा. शेवटी ५० बार उरलेले असताना, विंग रिकामी करून पाच मीटरवर थांबून पाहिलं : कमरेला ३ किलो असताना थोडी जड होते, अडीचवर स्थिर. म्हणजे टाकायला अडीच किलो उरतंय. @वीस_मीटर, तुमचा प्रश्न डोक्यात ठेवूनच पोलादी आखूड प्लेट घेतेय, आणि सिग्नल बॉय सोडण्याचा सराव वाढवतेय.

एकच राहिलं : क्रॉच स्ट्रॅप दीड इंची की दोन?

वीस_मीटर

पाण्याखालची स्कूटर (डायव्हरला ओढत नेणारं यंत्र) वापरणार नसाल तर दीड पुरे, टोचतो कमी. आणि जास्तीचा पट्टा लगेच कापू नका. ओला करून परत ओढून बघा, चार-पाच डायव्ह तसाच दुमडून ठेवा. थंड पाण्यात जाड सूट घातलात की तीच लांबी लागते. कापाल तेव्हा टोक लायटरने वितळवून घ्या, नाहीतर धागे सुटत जातात.